बहुउद्देशीय सभागृह: दोष दगडाचा की सांध्याचा?

वाशीत यायचं आणि गावाच्या इमारतीवर बोलायचं, तर आम्ही वास्तुशास्त्रापासून नाही, एका कुलपापासून सुरुवात करतो.

या भागात कुठल्याही गावात जा. देवळाशेजारी किंवा वस्तीच्या टोकाला एक लांबट खोली दिसेल. वर पत्रे नाहीतर स्लॅब, दोन्ही बाजूंना ग्रिलच्या खिडक्या, दर्शनी भिंतीवर 'बहुउद्देशीय सभागृह' आणि खाली निधी कुणी दिला त्याचं नाव. दाराला कुलूप. माणसं मात्र बाहेर, लिंबाखाली. अशाच एका गावी आम्ही विचारलं, आत का बसत नाही? एक आजोबा म्हणाले, "आत जीव शिजतोय की, सर." या इमारतीचं निम्मं परीक्षण त्या वाक्यात झालं. उरलेलं निम्मं आज करू.

आधी शब्द पाहू. बहुउद्देशीय म्हणजे काय? आपल्याकडे ज्या खोलीचा एकही उद्देश नीट ठरवलेला नसतो तिला बहुउद्देशीय म्हणतात. हे पोत्याला कपडा म्हणण्यासारखं झालं. ते कुणालाही घालता येतं, पण अंगाला कुणाच्याच बसत नाही. लग्न लागतं, पण स्वयंपाकाला जागा नाही. आरोग्य शिबिर होतं, पण बाईमाणसाला तपासायला आडोसा नाही. सभा होते, पण आवाज इतका घुमतो की बोललेलं कळत नाही.

खरी बहुउद्देशीय रचना बघायची तर आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला जावं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तिथला पाणी महाल आठवा. ती एकच भिंत नदीचं पाणी अडवते. नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन किल्ले ती जोडते. तिच्या पोटात दालनं आहेत, आणि पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांतून जादा पाणी ती वाट करून सोडते. बांधणाऱ्यांनी प्रत्येक काम वेगळं ओळखलं, मग ती कामं एका भिंतीत बसवली. त्यासाठी नदी कुठून येते, किती चढते, खडक कुठे आहे, हे आधी पाहिलं असणार. भूमी पाहिल्याशिवाय असे उद्देश ठरत नाहीत.

आता इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की सर, स्थानिक बांधकामाचं कौतुक आम्हाला सांगू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही विसरलेलो नाही. बरोबर आहे. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. ती घरं इथल्याच दगडाची, इथल्याच मातीची, वर इथलंच माळवद. उन्हाळ्यात ज्या घरानं गारवा दिला, त्यानंच जीव घेतला. त्यानंतर कित्येक महिने लोक दगडी घरात निजायला तयार नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ती भीती खुळी नव्हती. 'मुळाकडे चला' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या भीतीला उत्तर द्यावं लागतं. आमच्यासकट.

मात्र भीतीतून काढलेलं अनुमान तपासायला हवं. दगडी घरं पडली, म्हणून दगड मारतो, हे अनुमान. न्यायशास्त्रात याचं एक जुनं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. अशा लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

मग आपल्या घरांतलं ओलं सरपण कोणतं? दोन-अडीच फुटांची जाड भिंत, पण खरं तर त्या दोन भिंती आणि मधे मातीत टाकलेली खांडकी. दोन्ही तोंडांना बांधणारा लांब दगड नाही. कोपरे एकमेकांत गुंतलेले नाहीत. वर माळवदावर फूट-दोन फूट माती, आणि गळती थांबवायला वरचेवर घातलेले नवे थर. जमीन हलली तेव्हा भिंतीची दोन्ही तोंडं सुटली आणि वरचं ओझं खाली आलं. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात हेच शिकवलं गेलं: भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, चौकटींच्या वर आणि छताखाली सलग पट्टा फिरवा, छताचं ओझं कमी करा. म्हणजे दोष सांध्याचा होता. आपण मात्र दगडाला शिक्षा दिली आणि त्याच्या जागी चाळीस अंशांत तापणारा पत्रा आणला.

आणखी एक उपाधी आहे, आणि ती सिमेंटनं जात नाही. जुनी चावडी, जुना पार यांची आठवण आपण गहिवरून काढतो. पण चावडीच्या पायरीखाली कुणाला उभं राहावं लागे? पारावर बाया कधी बसल्या? गाव एकत्र यायचं म्हणतो, तेव्हा त्या 'गावा'त कोण नव्हतं हेही सांगावं लागेल. आज वस्तीवस्तीचं वेगळं समाजमंदिर आहे, त्याचं मूळ तिथेच आहे. इजिप्तमध्ये हसन फाथी या मोठ्या वास्तुकारानं १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे मातीचं देखणं गाव उभारलं. ज्यांच्यासाठी उभारलं त्यातले बहुतेक तिथे गेलेच नाहीत. भूमी अचूक वाचली, पण माणसं आलीच नाहीत.

तेव्हा वाशीसारख्या ठिकाणी इमारत आखायची तर आम्ही नकाशाआधी बारा महिन्यांची यादी मागू. दसरा-दिवाळीनंतर कोयते कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं उरतात. हंगामी वसतिगृह भरवायचं, तर तेव्हा या इमारतीला झोपायची जागा, चूल आणि संडास हवेत. उन्हाळ्यात टोळ्या परततात, लग्नसराई असते. तेव्हा हवा दाट सावलीची ओसरी आणि मोकळा चौक. पावसाळ्यात बालाघाटावरचं पाणी उतारानं मांजरेकडे निघून जातं. त्यातलं निदान छतावरचं तरी हौदात थांबावं. भिंत इथल्या काळ्या दगडाची असू द्या, पण बांधलेली, पट्टा फिरवलेली. बचत गटाच्या बैठकीला स्वतःचं दार असू द्या. आणि झाड आधीपासून असेल तर इमारतीनं बाजूला सरकावं.

राहिलं कुलूप. किल्ली एकाच घरात असेल, तर वरचं सगळं व्यर्थ. किल्ली कुणाकडे, हा आमच्या मते रचनेचाच प्रश्न आहे, आणि तो पायाभरणीआधी ग्रामसभेत, नगरपंचायतीत सुटला पाहिजे. ते आजोबा लिंबाखालून उठून आपण होऊन आत आले, तर इमारत जमली असं समजू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.