गाळ्याचा निरोप : स्कोकी येथील नरसंहार-संग्रहालय

संग्रहालयाच्या स्थलांतराची चर्चा बहुधा जागेच्या हिशेबाने होते; जुन्या जागेबरोबर निवेदनाची कोणती रीत मागे राहिली, हे क्वचितच विचारले जाते. शिकागोलगतच्या स्कोकी या उपनगरातील ज्यू नरसंहाराचे संग्रहालय २००९ साली दुकानाच्या एका गाळ्यातून सुमारे ६५,००० चौरस फुटांच्या वास्तूत गेले. या स्थलांतराकडे त्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

गाळ्याचा जन्मच एका प्रत्युत्तरातून झाला होता. १९७७ साली अमेरिकन नाझींच्या एका क्षुद्र गटाने स्कोकीत संचलन करण्याचा घाट घातला. छळछावण्यांतून बचावलेली हजारो माणसे त्या वेळी तेथे राहत होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वावर अखेरीस त्या गटाचीच सरशी झाली. संचलन मात्र स्कोकीत झालेच नाही. तोवर मौन पाळलेल्या अनेकांना बोलणे भाग आहे असे वाटू लागले. १९८१ साली त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि पुढे मेन स्ट्रीटवर हा गाळा उघडला. १९९० साली इलिनॉय राज्याने शाळांतून या इतिहासाचे शिक्षण कायद्याने आवश्यक केले. अमेरिकेत असे करणारे ते पहिले राज्य होय.

गाळ्यात बचावलेली व्यक्ती स्वतः सांगत असे. अशा कथनाला सुबक शेवट नसतो. लॉरेन्स लँगर यांनी ‘होलोकॉस्ट टेस्टिमनीज’ (१९९१) या ग्रंथात ध्वनिचित्रमुद्रित साक्षींचा अभ्यास करून हेच दाखविले : धैर्य, विजय, उद्धार या शब्दांत ही स्मृती मावत नाही, ती मध्येच तुटते आणि पुन्हा त्याच जागी येते.

नवी वास्तू स्टॅन्ली टायगरमन यांची. तिचे दोन भाग आहेत, एक काळोखा व एक उजळ. प्रेक्षक पहिल्यातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. म्हणजे वास्तूने साक्षीला एक कथानक दिले, तेही सांत्वनाचे. उपनिषदातील प्रार्थनेमुळे आपल्याला हा क्रम इतका परिचित आहे की त्याविषयी शंका घेणेही अवघड जाते. तरी ती घेतली पाहिजे. मारले गेलेले साठ लक्ष लोक उजळ भागापर्यंत पोहोचलेच नाहीत. प्रेक्षकाच्या वाटचालीला त्यांच्या कथेचे रूप देणे हा या रचनेतील मोठाच दोष मानावा लागेल. टायगरमन यांच्या बाजूने एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. दोन्ही भागांच्या सांध्यात त्यांनी नाझी काळातील मालगाडीची एक जर्मन वाघीण ठेवली आहे. ती काळोखातही बसत नाही आणि उजेडातही नाही. कथानक तेथे अडखळते. संपूर्ण वास्तूत गाळ्याशी नाते सांगणारी जागा असेल तर तीच.

विस्तार टाळता आला असता असे मात्र म्हणता येणार नाही. गाळा चालत होता तो सांगणाऱ्यांच्या देहावर, आणि ते देह वृद्ध होत होते. नव्या वास्तूने या अडचणीवर शोधलेला उपाय २०१७ साली प्रेक्षकांपुढे आला : बचावलेल्यांच्या त्रिमितीय प्रतिमा. पूर्वी मुद्रित केलेल्या असंख्य उत्तरांतून प्रश्नाला जुळणारे उत्तर निवडले जाते आणि प्रतिमा ते बोलते. प्रयोग विलक्षण खरा. परंतु येथे साक्ष प्रश्नोत्तरांच्या तुकड्यांत विभागली जाते आणि तिची मर्यादा मुद्रणाच्या वेळीच ठरून जाते. गाळ्यातील साक्षीदार एखाद्या शाळकरी मुलाच्या प्रश्नाने गडबडून जाऊ शकत असे, नंतर सांगेन म्हणू शकत असे, आणि पुढच्या भेटीत, कोणी न विचारता, तेच सांगू शकत असे.