विटलेला लाल : ‘आयरिसेस’ पाहताना

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘आयरिसेस’. मे १८८९ मध्ये तो फ्रान्समधल्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला आणि लगेचच तिथल्या बागेत त्यानं हे रंगवायला घेतलं. आज ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

ही फुलं निळी दिसतात. आम्हीही वर्षानुवर्षं या निळ्याला ‘शांत’ म्हणत आलो, त्या शांततेचा संबंध चित्रकाराच्या मनाशी जोडत आलो. पण भावाला लिहिलेल्या पत्रात तो स्वतः या फुलांना जांभळी म्हणतो. मग जांभळा गेला कुठे?

उत्तर रंगाच्या नळीत आहे. निळ्यात तो ‘जिरॅनियम लेक’ नावाचा लाल मिसळत असे. इओसिन या कृत्रिम रंजकापासून तो बनतो. नळीतून काढला की झगझगीत. पण उन्हात वाळत घातलेलं लाल लुगडं विटावं तसा उजेडानं विटत जाणारा. लाल उडाला, निळा टिकला. इओसिनमधलं ब्रोमीन मात्र थरात मागे राहतं. क्ष-किरणांनी ते शोधून लाल कुठे कुठे होता, हे तज्ज्ञांनी ताडून पाहिलं आहे.

म्हणजे आपण ज्याला भाव समजत होतो, त्यातला काही भाग रसायनाचा होता! जांभळा आणि पिवळा हे विरोधी रंग. शेजारी आले की एकमेकांना पेटवतात. पिवळसर हिरव्या पानांशी ही फुलं तेव्हा जास्त झुंजत असणार.

बरं, त्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १८८८च्या एका पत्रात तो म्हणतो की हे नवे रंग टिकणारे नाहीत, म्हणून ते अधिकच भडक वापरावेत. काळ त्यांना सौम्य करणारच आहे. तेव्हा याला फसगत म्हणता येणार नाही. पत्करलेला धोका म्हणावा लागेल.

मग समीक्षकानं काय करावं? पानांची वळणं, गडद बाह्यरेषा, कडेला एकटं उभं पांढरं फूल, हे सगळं आजही आपल्यासमोर आहे. त्याबद्दल निःशंक बोलावं. रंगाबद्दल बोलताना मात्र आधी विचारावं : हा रंग चित्रकारानं लावलेला, की उजेडानं उरवलेला? तो प्रश्न आम्ही इतकी वर्षं विचारला नाही, ही आमची चूक.