स्टुडिओतला स्पीकर घरी आला तेव्हा

आपल्या खानदेशात ‘जेबीएल’ म्हटलं की आधी वरातीतली डीजेची गाडी आठवते. जळगाव घ्या, धुळं घ्या, पेट्यांवर ती तीन अक्षरं दिसतातच. आज मात्र याच कंपनीच्या, दिवाणखान्यात ठेवायच्या एका जुन्या स्पीकरबद्दल बोलायचंय. त्याचं नाव एल-१०० सेंच्युरी, साल १९७०.

याचं मूळ स्टुडिओत आहे. १९६८ च्या ४३१० या मॉनिटरचा हा घरगुती अवतार. मॉनिटर म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं चुका पकडण्यासाठी ऐकायचा स्पीकर. १२ इंची वूफर, मधल्या स्वरांसाठी ५ इंची स्पीकर आणि वर छोटा ट्वीटर. त्याला लाकडी पेटी दिली, पुढे चौकटी-चौकटींची नारिंगी किंवा निळी फोमची जाळी लावली, आणि सत्तरच्या दशकात तो धडाक्यानं खपला. स्टुडिओत वाजलं तेच आता घरी ऐका, हे त्याचं आकर्षण.

माझा आक्षेप इथंच आहे. मुळात ४३१० घडवला तो त्या काळच्या अमेरिकन स्टुडिओंत रुळलेल्या आल्टेक ६०४ सारखा वाजावा म्हणून. म्हणजे ज्याला आपण ‘खरा’ आवाज म्हणतो, तोही दुसऱ्या एका स्पीकरचं वळण गिरवलेला! शिवाय वूफरला वरचे स्वर अडवणारा फिल्टरच नाही. ठेका दणकट लागतो, गाणारा दोन पावलं पुढे येऊन उभा राहतो. ऐकायला मजा येते. पण याला आरसा म्हणता येणार नाही.

मग हा फसवा आहे का? तसंही नाही. मधले आणि वरचे स्वर कमी-जास्त करायला पुढच्या बाजूला दोन बटणं आहेत. खोली बदलली की आवाज बदलतो, याची ती कबुलीच. आपल्याकडे सिमेंटच्या भिंती, खाली फरशी; तिथं वरचे स्वर टोचतात. बटण थोडं मागं घ्या, एखादा जाड पडदा लावा.

आणि पारख करायची तर आसोद्याच्या बहिणाबाईंचं एखादं गाणं लावा. आवाज बेताचा ठेवा. शब्दन् शब्द कळतो का? गाणारीचा श्वास ऐकू येतो का? कंपनीचं नाव त्यानंतर वाचा.