‘निव्वळ बल’ : एका संज्ञेची चिकित्सा

पदार्थविज्ञानाच्या मराठी अध्यापनात ‘निव्वळ बल’ आणि ‘परिणामी बल’ अशा दोन संज्ञा एकाच अर्थी चालतात. पहिली सोपी म्हणून अनेकांना पसंत पडते. परंतु तिचे सोपेपण जमाखर्चाच्या वहीतले आहे.

‘निव्वळ’ म्हणजे वजावट करून उरलेले. ‘निव्वळ नफा’, ‘निव्वळ वजन’ हे प्रयोग कानी असलेला विद्यार्थी बलांचीही वजाबाकीच करणार. रस्सीखेचीत ती खपून जाते, कारण तेथे बले एका रेषेत असतात. ३ व ४ न्यूटनची बले काटकोनात असता मात्र उत्तर १ येत नाही व ७ही येत नाही. ते ५ येते, आणि तेही कर्णाच्या दिशेने. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) गतिनियमांनंतरच्या पहिल्याच उपसिद्धान्तात हा कर्ण आलेला आहे. ‘परिणामी’ हा शब्द मराठीत ‘त्यामुळे’ या अर्थीही येतो, त्यामुळे ‘परिणामी बल वाढते’ या वाक्याचे दोन अन्वय संभवतात. तथापि हा दोष सौम्य होय.

याहून घातक शब्द ‘प्रतिक्रिया’. १० किलोग्रॅमचा ठोकळा आडव्या फळीवर असून दोरीने, क्षितिजाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून, वरच्या बाजूस ५० न्यूटनने ओढला आहे असे समजू. ओढीचा आडवा घटक ४० व उभा ३०. वजन ९८; अर्थात फळीचा आधार ६८. घर्षणांक ०.२५ धरल्यास घर्षण १७, परिणामी बल २३ न्यूटन. या आधाराला ‘अभिलंब प्रतिक्रिया’ म्हटले, की विद्यार्थ्यास तिसरा नियम आठवतो. तो तिला वजनाची जोडीदार समजून ९८ मानतो, आणि घर्षण २४.५ धरून १५.५ या उत्तरावर पोहोचतो. त्याचे अंकगणित निर्दोष असते! ठोकळ्याने फळीवर दिलेल्या दाबाची ती प्रतिक्रिया आहे, हे खरे. पण वजनाची प्रतिक्रिया म्हणजे ठोकळ्याने पृथ्वीला ओढणे, आणि ती या बेरजेत येतच नाही. (हा दोष केवळ आमच्या परिभाषाकारांचा नव्हे, इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तो आढळतो.)

‘प्रतिक्रिया’ येथून काढून ‘अभिलंब बल’ म्हणावे हे बरे. पण खरा उपाय मराठीच्या विभक्तिव्यवस्थेतच आहे. प्रत्येक बल षष्ठी आणि ‘वर’ यांसह पूर्ण लिहावे : ‘पृथ्वीचे ठोकळ्यावरील बल’, ‘फळीचे ठोकळ्यावरील बल’, ‘ठोकळ्याचे पृथ्वीवरील बल’. ज्यांत ‘ठोकळ्यावरील’ आहे तेवढीच, दिशेसह, बेरजेला घ्यावीत.