चुकलेल्या सुरांचं काय करायचं?

आत्ता आपण ऐकलं ते १९३५ सालचं ध्वनिमुद्रण. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत आर्तुर श्नाबेल बीथोवनच्या 'हामरक्लाविअर' सोनाटाचा पहिला भाग वाजवतायत. खरखर सोडून द्या, दोन मिनिटांत कान सरावतो. पण सूर? सूर चक्क गळतायत, एकमेकांवर आदळतायत. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असं वाजवलं तर काय होईल ते सांगायला नको. मग मी हे हौसेनं का ऐकवतोय?

वेगासाठी. पियानोच्या बत्तीस सोनाटांपैकी या एकालाच बीथोवनने स्वतः मेट्रोनोमचे आकडे दिले. पहिल्या भागाला मिनिटाला १३८ ठोके, आणि तेही दर दोन मात्रांना मिळून एक! बहुतेक वादक या आकड्याला लांबूनच नमस्कार करतात. श्नाबेल त्याच्या मागे धावले. तेव्हा टेप नव्हती. मेणाच्या तबकडीवर सलग चारेक मिनिटं वाजवायचं. चुकलेला तुकडा कापून दुसरा जोडायची सोय नाही. सगळी बाजू पुन्हा वाजवा, नाहीतर राहू द्या.

अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट'मध्ये म्हणतो, एक जरी सूर चुकला तरी ते त्या रचनेचं वादनच नव्हे. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण त्याचा तर्क असा: एकेक चूक माफ करत गेलात तर बीथोवनची पाचवी सिंफनी हळूहळू 'थ्री ब्लाइंड माइस' होऊन बसेल. हे खोडणं सोपं नाही, वर्गात मी प्रयत्न करून पाहिलाय. पण गंमत बघा. मेट्रोनोमचा आकडा हाही गुडमनच्या हिशेबात स्वरलिपीचाच भाग. म्हणजे संथ आणि स्वच्छ वाजवणाराही नापासच! त्याच्याबद्दल मात्र कुणी कुरकुर करत नाही. चुकलेला सूर टोचतो, चुकलेला वेग टोचत नाही, एवढंच.

अर्थात श्नाबेलना आज्ञाधारक ठरवायची घाई नको. तिसऱ्या भागात, त्या दीर्घ अदाजिओत, तेच दिलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी सावकाश जातात. तेव्हा आकडा पाळणं हा काही त्यांचा धर्म नव्हता. पहिल्या भागात मला ऐकू येतं ते आवाक्याबाहेरचं काही गाठू पाहणारं संगीत, आणि ही धडपड माझ्या मते बीथोवनच्या रचनेतच आहे. स्वच्छ वादनात तो भाग भव्य वाटतो, पण आधीच मुक्कामाला पोचलेला.

आता अदाजिओ लावतो. मूळ तबकड्यांवर दर चार-साडेचार मिनिटांनी उठावं लागे. आपल्याला बसून राहता येईल.