परदेशी पदवी आणि घरचा उंबरठा

विद्याभ्यासासाठी समुद्रापार गेलेल्या माणसाने आपली हकीकत लिहावी आणि घरी राहिलेल्यांनी ती कौतुकाने वाचावी, ही चाल मराठीत चांगली सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या व त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे वृत्त लोकांनी वाचले. पुढे १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत या प्रकारच्या लेखनात खंड पडलेला नाही. परंतु रमाबाईंसारखी परक्या समाजाची घडण तपासणारी दृष्टी विरळा. बहुतेक वृत्तांचा साचा ठरून गेलेला आहे. बोटीवरचा त्रास, पहिला हिमवर्षाव, शाकाहारी माणसाची जेवणाची पंचाईत, घरमालकिणीचा अनपेक्षित जिव्हाळा, ग्रंथालयाचा थाट आणि अखेरीस पदवीदानाचा झगा, एवढे आले की वृत्त भरले. परत येण्याला एक परिच्छेद पुरतो. बंदरावर आप्तेष्ट जमतात, हारतुरे होतात आणि पुस्तक मिटते.

आमचे मत असे की, जेथे ही पुस्तके मिटतात तेथे खरा विषय सुरू होतो. परदेशी पदवी ही एक हुंडी आहे. ती लिहिली जाते लंडनास किंवा न्यूयॉर्कास. पण ती वटावयाची असते घरच्या पेढीवर. ती वटली की नाही, आणि न वटल्यास का, हे जे लेखन सांगत नाही ते मनोरंजक असेल, पण अपुरे आहे. या कसोटीवर उतरणारे एक लहानसे पुस्तक आहे. त्याच्या कथेचा आरंभ आमच्या साताऱ्यात होतो, आणि तरीही परदेशी शिक्षणाच्या वाङ्मयात त्याचे नाव कोणी घेत नाही. ते पुस्तक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

हे लेखन इंग्रजीत आहे. १९३५-३६ च्या सुमारास ते लिहिले गेले. लेखकाच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. ते परकीयांना उद्देशून आहे. अस्पृश्यता म्हणून काही आहे हे परकीय माणूस ऐकून जाणतो, परंतु ती सोसणे म्हणजे काय हे त्याला उमगत नाही; म्हणून काही प्रसंग सांगावे, असा लेखकाचा हेतू आहे. शीर्षक समजावून सांगण्याच्या फंदात तो पडत नाही. व्हिसा लागतो परक्या देशात शिरावयास. येथे तो ज्या माणसाला हवा आहे तो स्वतःच्याच देशात उभा आहे, हे वाचकाने आपले आपण ओळखावयाचे आहे.

पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा. साताऱ्यास राहणारी काही मुले उन्हाळ्याच्या सुटीत खटाव तालुक्यातील गोरेगावी, नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट होता. मसूर स्थानकावर ती उतरली. घ्यावयास कोणी आले नव्हते. स्थानकमास्तरने विचारपूस केली, मुलाने भोळेपणाने जात सांगितली, आणि त्या गृहस्थाचा चेहराच पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यासही तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी की, भाडे दुप्पट द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. शिदोरी बरोबर होती, पण पाणी कोणी देईना. म्हणून भरल्या डब्यासमोर मुले उपाशी राहिली.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. मधल्या काळात काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन तो मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कास गेला. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, ड्यूई अशा अध्यापकांच्या हाताखाली तो शिकला. १९१५ साली एम. ए. झाला, १९१६ साली त्याने जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला, मग लंडनास अर्थशास्त्राचा अभ्यास आरंभिला आणि शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली तो अर्धवट सोडून परतला. दहा वर्षे बडोदे सरकारची चाकरी करण्याच्या कराराने तो बांधलेला होता. या साऱ्या वैभवाचा पुस्तकात विस्तार किती? जवळजवळ नाहीच. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसली गेली होती आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरताच कोठे उतरावे या प्रश्नाने ती परत आली, एवढेच लेखक सांगतो. अमेरिकेचे वर्णन नाही. अमेरिकेने काय पुसले तेवढे आहे.

राहावयास जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन तो राहिला. वर एक खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेले दालन, रात्री अंधूक कंदील आणि वटवाघळांची फडफड, सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करावे लागले. एक हिंदू मित्र होता. त्याला नोकर निघून जाण्याची भीती. एक ख्रिस्ती मित्र होता. त्याला बायकोला विचारावयाचे होते. तेव्हा कामाठी बागेत काही तास बसून या विद्वानाने रात्री नऊची मुंबईची गाडी धरली.

येथे एक गोष्ट चरित्रावरून जोडून पाहण्याजोगी आहे. न्यूयॉर्कास लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ज्यांच्यासह ते राहिले ते नवल भथेना पारशीच होते. त्यांच्याशी जन्माचा स्नेह जडला आणि १९२० साली पुन्हा लंडनास जाताना त्यांनी कर्जाऊ रक्कमही दिली. तोच पारशी न्यूयॉर्कात एका छपराखाली बंधू होतो आणि बडोद्यात काठी घेऊन जिना चढतो! दोष त्या समाजाच्या रक्तात असता तर न्यूयॉर्कातही तो दिसता. हवेत दोष होता, आणि ती हवा आपली होती. जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य, हे लेखक या प्रसंगातून दाखवितो. त्यामागे न्यूयॉर्कची ती खोली ठेवून पाहिली म्हणजे त्याला दुप्पट धार येते.

तिसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता तो मनुष्य कोलंबियाचा पीएच. डी., लंडनचा डी. एस्सी. आणि बॅरिस्टर आहे. त्याला वस्तीवर नेण्यास टांगेवाले तयार नाहीत. पुन्हा तोड निघते: टांगा भाड्याने मिळेल, हाकणार मात्र कोणी नाही. वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने लगाम धरला. वाटेत अपघात होऊन पाहुणा दगडांवर फेकला गेला. आमच्या मते या पुस्तकाचा सारा अर्थ येथे गोळा होतो. मसूरला गाडी मुलांनी हाकली, कारण गाडीवान बसेना; अठ्ठावीस वर्षांनी चाळीसगावला टांगा नवशिक्याने हाकला, कारण टांगेवाला बसेना. मध्ये दोन खंड, तीन विद्यापीठे आणि अनेक पदव्या गेल्या; तोड मात्र शब्दशः तीच राहिली. लेखक हे साम्य बोट ठेवून दाखवीत नाही. भाडे, वेळ, अंतर, कोण काय बोलले एवढेच तो साक्षीदाराच्या काटेकोरपणे नोंदवितो. विशेषणे जवळजवळ नाहीत. संताप वाचकाने आणावयाचा आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. हे लेखन आठवणीवर विसंबलेले असल्यामुळे काही सन मागेपुढे झाले आहेत. रचना टिपणासारखी आहे. काही प्रसंग दुसऱ्यांवर गुदरलेले आहेत, आणि तेथे स्वानुभवाची धग थोडी कमी होते. शिवाय वाचक म्हणून आमची एक तक्रार आहे: न्यूयॉर्कचे एक प्रकरण असते तर मराठी मनाला केवढी ठेव मिळाली असती! परंतु ते प्रकरण असते तर आपण तेच पाठ केले असते आणि मसूर सोडून दिले असते, अशीही शंका येते.

तुलनेसाठी दुसरे एक आत्मवृत्त घेऊ. त्याचे घर मसूरच्याच रेल्वेमार्गावर, कराड ओलांडून दक्षिणेस आहे. त्या स्थानकाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड, पुढचे किर्लोस्करवाडी. औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखान्याची वसाहत उभारली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले आणि १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन वाडीस परतले. त्यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८२ साली निघाले. शंतनुरावांची बुद्धी, कष्ट आणि पुढील कर्तृत्व यांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण त्यांची हुंडी वटविणारी पेढी आधीच उघडी होती. नांगर घडविणारी भट्टी तापलेली, वडील वाट पाहत असलेले. शिकलेले ज्ञान दुसऱ्या दिवशी कामाला जुंपता येत होते. म्हणून त्यांच्या आत्मवृत्तात पदवी हे घडणीचे एक पाऊल ठरते. आंबेडकरांच्या वृत्तात पदवी हा एक प्रश्न होऊन राहतो. दोघांच्या परतीत जेमतेम नऊ वर्षांचे अंतर आहे. फरक विद्यापीठांचा नव्हे, उंबरठ्यांचा आहे.

कोणी म्हणेल, विलायतेहून परतलेल्या सवर्णासही त्रास झालाच. त्यालाही वाळीत टाकले, प्रायश्चित्त घ्यावयास लावले. हे खरे आहे. परंतु प्रायश्चित्त म्हणजे परत येण्याचा दरवाजा. पंचगव्य प्राशन केले, ब्राह्मणांस दक्षिणा दिली की समुद्रोल्लंघनाचा दोष फिटत असे, कारण तो दोष जाण्यात होता. ज्याचा दोष जन्मातच मानला त्याच्यासाठी शास्त्राने कोणतेच प्रायश्चित्त ठेवले नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली परतल्या तेव्हा कोल्हापूर दरबारने त्यांच्यासाठी रुग्णालयात जागा राखली होती. त्यांना काम करू दिले नाही ते क्षयाने. तो दैवाचा घाला होता. बडोद्याचा प्रकार दैवाच्या माथी मारता येत नाही.

आणि हे सारे इतिहासजमा झाले असे समजून स्वस्थ बसावे, तर तेही साधत नाही. आम्ही सांगलीस अनेक वर्षे अध्यापन करीत आहो आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांस शिफारसपत्रे देणे हा आता आमचा वार्षिक उद्योग झाला आहे. आमची एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी अशीच गेली, उत्तम पदवी घेऊन आली आणि येथेच नोकरीस लागली. तिने भाड्याच्या खोलीसाठी आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे आमचे नाव सांगितले. त्यांचा आम्हांस दूरध्वनी आला. मुलगी हुशार आहे, स्वभावाने शांत आहे, परदेशात शिकली आहे, असे आम्ही भरभरून सांगितले. ते म्हणाले, "ते सगळं खरं हो सर, पण आडनावावरून काही कळलं नाही. मुलगी कुणातली?" या प्रश्नाला एकच योग्य उत्तर होते, आणि ते म्हणजे हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना चार शब्द सुनावणे. आम्ही तसे केले नाही. आम्ही ठाऊक होते ते सांगितले. खोली तिला मिळाली नाही. ती आजही भेटली की "सर, बरे आहात ना?" म्हणून विचारते, आणि आम्ही तिच्या डोळ्याला डोळा देत नाही.

त्यानंतर आम्ही हे पुस्तक पुन्हा वाचले. वर्गात कोलंबियाची कथा आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या अभिमानाने सांगत आलो. पण सांगली-सातारा गाडीने शेकडो वेळा मसूर ओलांडूनही त्या फलाटावर बसलेली मुले आम्हांस कधी दिसली नाहीत. न्यूयॉर्कचा अभिमान धरण्यास काही खर्च येत नाही. मसूरचे देणे मात्र आपल्याच नावावर आहे.

साताऱ्याच्या राजवाड्यातील ज्या शाळेत तो मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाला, त्या दाखल्याची आठवण म्हणून २०१७ सालापासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, पदव्यांची यादी वाचली जाते. आमची सूचना इतकीच की, यादी वाचण्याऐवजी या पुस्तकातला मसूरचा प्रसंग मोठ्याने वाचावा. आणि मुलांना नव्हे, श्रोत्यांत बसलेल्या आम्हां वडीलधाऱ्या घरमालकांना आणि शिक्षकांना वाचून दाखवावा. मुले बाहेर जाऊन शिकून येतच आहेत. त्यांना परत घेण्याची आपली परीक्षा अजून व्हावयाची आहे.