कॅनर यांच्या निबंधातील पालकांची साक्ष : एक चिकित्सा

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये 'द नर्व्हस चाइल्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध बालकांतील स्वमग्नतेच्या अभ्यासाचा पायाभूत लेख मानला जातो. ११ मुलांच्या (८ मुलगे व ३ मुली) वृत्तांतांवर तो उभा आहे. मात्र या मुलांची पहिली लक्षणे कोणी पाहिली, हा प्रश्न निबंधाच्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

कॅनर यांच्यासमोर ही मुले आली तेव्हा त्यांचे तान्हेपण सरले होते. 'डोनाल्ड टी.' हा पहिला रुग्ण १९३८ मध्ये तपासणीस आला तो वयाच्या पाचव्या वर्षी. त्याआधी त्याच्या वडिलांचे ३३ पानी टंकलिखित पत्र पोहोचले होते. एकटे असताना मूल सर्वाधिक आनंदी असणे, माणसांच्या येण्याजाण्याची दखल न घेणे, वस्तू गरगर फिरवण्याचा ध्यास, ही निरीक्षणे त्या पत्रातली आहेत. निबंधातील सर्वांत सूक्ष्म लक्षणही असेच घरातून आलेले आहे. उचलून घेण्यासाठी हात पुढे केले की सर्वसाधारण बाळ साधारण चौथ्या महिन्यापासून अंग सावरून तयार होते. ही मुले तशी होत नसत, याचे आश्चर्य बहुतेक सर्व मातांनी सांगितले. काही मुलांना तर आधी बहिरे समजले गेले होते.

असे असूनही निबंधाच्या अखेरीस कॅनर याच तपशीलवार रोजनिशांना आणि टिपणांना पालकांच्या झपाटलेपणाचा पुरावा ठरवतात. ज्या साक्षीवर शोध उभा राहिला, तीच साक्ष देणाऱ्याचा दोष झाली. वास्तविक त्याच पानांवर विकार जन्मजात असल्याचे प्रतिपादन आहे. हा अंतर्विरोध कॅनर सोडवत नाहीत. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' (१९६७) या ग्रंथाने मातांवरील ठपका अधिकच गडद केला. या भूमिकेचा सप्रमाण प्रतिवाद त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी केला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, ही बाब येथे नोंदण्याजोगी आहे. (मराठीतील 'स्वमग्न' हा शब्दही निर्दोष नाही, मुलाने जणू आपणहून जगाकडे पाठ फिरवली, असे तो सुचवतो.)

आज १६ ते ३० महिने वयाच्या बालकांसाठी वापरली जाणारी 'एम-चॅट'ची सुधारित प्रश्नावलीही पालकांनाच २० प्रश्न विचारते. मूल बोटाने वस्तू दाखवते काय, हाकेला ओ देते काय, असे त्यांचे स्वरूप आहे. ती निदान करीत नाही. शंका आल्यास पुढील मुलाखत व तपासणी सुचवते. परंतु उत्तर देणाऱ्या आईचे म्हणणे ऐकण्याची तयारी नसेल, तर प्रश्नावली निरुपयोगी ठरते. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे वडीलही असेच होते' या आपल्या घरांतील समजुती आईला चिंतातुर ठरवून गप्प करतात. १९४३ च्या निबंधाने तिला झपाटलेली ठरवले होते, आणि दोन्हीकडे तिने पाहिलेले लक्षण मात्र तपासणीविना राहते.